कॅसलटनच्या पायवाटा: आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन कसं चालायचं

शेफिल्ड आणि मँचेस्टरच्या मधल्या डोंगरांत, डर्बीशरमध्ये, कॅसलटन नावाचं एक छोटं दगडी गाव आहे. वर टेकडीवर पडका किल्ला, गावातून वाहणारा ओढा, एका बाजूला चुनखडीचे पांढुरके कडे आणि दुसऱ्या बाजूला मॅम टॉरचा तपकिरी डोंगर. मी शेफिल्डला राहते. उन्हाळ्यात सासू-सासरे निफाडहून आमच्याकडे येतात, मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा. एवढ्या वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र चालतील आणि संध्याकाळी कुणीही कुरकुरत घरी येणार नाही, अशा वाटा मला इथे सापडल्या. शेफिल्ड, मँचेस्टर, लीड्सकडच्या मराठी घरांतून मला नेहमी विचारतात की पाहुणे आल्यावर त्यांना कुठे न्यायचं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्यांदा वाटेच्या हक्काबद्दल, कारण आपली माणसं अडतात ती चढाला नाही, फाटकाला. समोर कुरण, त्यात मेंढ्या, बंद फाटक, आणि फलक सांगतो की वाट याच कुरणातून जाते. आपण संकोचतो. कुणाच्या शेतात न विचारता कसं शिरायचं? नाना, म्हणजे माझे सासरे, जन्मभर द्राक्षं आणि कांदा केलेले शेतकरी. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. इंग्लंडमध्ये ‘पब्लिक फुटपाथ’ म्हणून नोंदलेली वाट खासगी जमिनीतून गेली तरी तिच्यावरून चालायचा हक्क प्रत्येकाला असतो, पाहुण्यालाही. त्या वाटांचा अधिकृत नकाशा काउंटी कौन्सिल ठेवतं. जमीनमालकाला ती वाट अडवता येत नाही. नानांना हे चटकन पटलं. आपल्याकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो आणि जुनी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार कोर्टात दाद मागता येते, हे त्यांना तोंडपाठ आहे. फरक त्यांनीच सांगितला: आपल्याकडे हे भांडण शेतकऱ्या-शेतकऱ्यात असतं, इथे नुसत्या फिरायला आलेल्या माणसालाही वाट मिळते.

ही गोष्ट सहज झालेली नाही. मॅम टॉरच्या माथ्यावरून उत्तरेला पाहिलं की ईडेलच्या खोऱ्यापलीकडे किंडर स्काउटचं लांबलचक पठार दिसतं. पूर्वी ती माळरानं जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेली होती. 24 एप्रिल 1932 रोजी कारखान्यांत काम करणारी शेकडो तरुण मुलं-मुली ठरवून तिथे चढली. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. मुलांना हे वर गेल्यावर, पठार बोटाने दाखवत सांगा. घरी सांगितलं तर इतिहासाचा धडा होतो, तिथे सांगितलं तर प्रश्न विचारतात.

वाट कशी ओळखायची

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा ‘एक्सप्लोरर ओएल 1’ हा नकाशा घ्या. प्रमाण 1:25,000, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काच्या वाटा. छोट्या तुटक रेघेवर फक्त पायी जायचं, लांब तुटक रेघेवरून सायकल आणि घोडाही जाऊ शकतो. जमिनीवर खांबांवर आणि फाटकांवर बाण ठोकलेले असतात, पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, निळा घोडा-सायकलसह. आमच्याकडे बाण शोधायचं काम धाकट्याकडे आहे. त्याला बाण दिसला की मगच सगळे पुढे निघतात, त्यामुळे तो मागे रेंगाळत नाही.

फोनमधल्या नकाशावर एकट्यावर विसंबू नका. दरीत रेंज जाते आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. कागदी नकाशावर जागेचा ग्रिड क्रमांक (नकाशावरच्या चौकटींवरून नेमकी जागा सांगणारे आकडे) काढायला शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. आधी आडवे आकडे, मग उभे. हॉलिन्स क्रॉसची खिंड एसके 136 845, मॅम टॉरचा माथा एसके 127 836. नऊ वर्षांच्या मुलीला हे माझ्याआधी जमायला लागलं.

वाटेतले अडथळे हाही मुलांसाठी अर्धा आनंद आहे. किसिंग गेट म्हणजे अर्धवर्तुळाकार कठड्यात हलणारं फाटक: आत शिरायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, फाटक आपल्या अंगावरून पलीकडे ढकलायचं आणि बाहेर पडायचं. माणूस जातो, मेंढी अडकते. मोठी पाठपिशवी असेल तर ती आधी काढून डोक्यावर धरा. दुसरा प्रकार दगडी भिंतीतली फट. दोन उभे दगड, खाली अगदी अरुंद, वर जरा रुंद. पाय एकामागून एक टाकून तिरकं व्हायचं. आईंना (सासूबाईंना) गुडघ्याचा त्रास आहे, तरी ही फट त्यांना जमते. लाकडी किंवा दगडी पायऱ्या चढून भिंत ओलांडायची असते तिथे मात्र वेळ लागतो. एक जण आधी पलीकडे जाऊन हात द्यायला उभा राहतो, मग आई, मग मुलं. भिंतीवर इतर ठिकाणी चढू नका. या भिंती चुना-सिमेंटशिवाय नुसत्या दगडावर दगड बसवून रचलेल्या असतात. वरचा एक दगड निसटला की आजूबाजूचे सुटत जातात आणि ती रचून देणारे कारागीर थोडे आहेत.

फाटक जसं असेल तसंच ठेवायचं. बंद असेल तर बंद करा. उघडं बांधून ठेवलेलं असेल तर उघडंच ठेवा, कारण बहुधा शेतकऱ्याने जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून ते तसं सोडलेलं असतं.

सर्वांत सोपी वाट: होप ते कॅसलटन

गाडी नसेल तर हीच वाट घ्या आणि गाडी असली तरी एकदा हिच्यावरून या. शेफिल्ड-मँचेस्टर रेल्वेमार्गावर होप नावाचं छोटं स्टेशन आहे. स्टेशनपासून कॅसलटन सुमारे साडेतीन किलोमीटर, जवळजवळ सपाट. आधी रस्त्याच्या कडेने होप गावात यायचं. चर्चजवळून पिनडेल रोडला वळायचं, पूल ओलांडायचा, आणि जरा वर गेल्यावर उजव्या हाताला कॅसलटनचा फलक असलेली पायवाट सुरू होते. तिथून पुढे कुरणांतून, पीक्सहोल वॉटर या ओढ्याच्या संगतीने चालत राहायचं.

एका ठिकाणी सिमेंट कारखान्याकडे जाणारा मालगाडीचा रूळ ओलांडावा लागतो. इथे मुलांचे हात धरा, बोलणं थांबवा, दोन्हीकडे बघा आणि कान द्या. मालगाड्या कमी येतात, पण येतात. त्या कारखान्याची उंच चिमणी काहींना डोळ्यांत खुपते. मला ती उपयोगी वाटते. आजूबाजूच्या बहुतेक टेकड्यांवरून ती दिसते आणि दिशा हरवली तर पुन्हा सापडते.

ओढ्याकाठी दगडावर पांढऱ्या छातीचा, सारखा वाकून उठणारा गोल पक्षी दिसला तर थांबा. तो डिपर. वाहत्या पाण्यात शिरून तळावरचे किडे टिपतो. या वाटेवर बाबागाडी चालत नाही, फाटकं अरुंद आहेत. तान्हं मूल असेल तर पाठीवरची झोळी हवी. आई-नानांसाठी आम्ही सव्वा ते दीड तास धरतो. कॅसलटनला पोचल्यावर परत चालायची ताकद नसेल तर गावातून शेफिल्डकडे बस जाते. बसची शेवटची वेळ मात्र सकाळीच बघून ठेवा, रविवारची वेगळी असते.

गावात पोचल्यावर

ओढ्याच्या काठाने वर गेलं की पीक कॅव्हर्नचं तोंड येतं. ब्रिटनमधल्या नैसर्गिक गुहांमध्ये सर्वांत मोठं म्हणून हे ओळखलं जातं. या तोंडातच, छताखाली, काही शतकं दोर वळण्याचा धंदा चालत होता, माणसं तिथेच घरं करून राहत होती. आत जायला तिकीट आहे. चालायलाच आलो असू तर आम्ही बाहेरच्या घळीपर्यंत जातो आणि परततो. पण पावसाने दिवस बुडाला तर गुहा हा उत्तम आसरा आहे. गावाजवळ अशा चार दर्शनी गुहा आहेत, त्यांतल्या स्पीडवेलमध्ये जमिनीखालच्या कालव्यातून होडीने नेतात. पाच वर्षांच्या मुलाला आणि बहात्तर वर्षांच्या आजोबांना सारखीच आवडलेली ती एक गोष्ट.

पेव्हरिल कासल हा किल्ला नॉर्मन आक्रमणानंतर विल्यम पेव्हरिल याने बांधला. त्याचा चौकोनी बुरूज दुसऱ्या हेन्री राजाच्या काळात, 1176 मध्ये उभा राहिला. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला तो लहान वाटेल. तरी चढ नागमोडी आणि चांगलाच उभा आहे, मधे बाकं आहेत, त्यांचा उपयोग करा. वरून सगळी होप व्हॅली दिसते आणि आज कोणत्या वाटेने आलो, उद्या कोणत्या वाटेने जायचं, हे मुलांना एका नजरेत दाखवता येतं.

29 मेला गावात असाल तर गारलँडचा सोहळा पाहा. फुलांच्या भल्यामोठ्या घंटेच्या आकाराने कमरेपर्यंत झाकलेला ‘राजा’ घोड्यावरून गावभर फिरतो, पुढे वाजंत्री असते, पांढऱ्या कपड्यातल्या मुली नाचतात. आईंना तो आपल्या गावच्या मिरवणुकीइतका आवडला.

केव्ह डेल

बारगेट नावाच्या गल्लीतून, दोन खडकांच्या मधल्या अरुंद तोंडातून ही घळ सुरू होते. पाच मिनिटांपूर्वी आपण आइस्क्रीमच्या दुकानापाशी होतो यावर विश्वास बसत नाही, इतकं वातावरण बदलतं. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, उजव्या हाताला वर किल्ल्याचा बुरूज. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. हा दगड त्याच समुद्रातल्या शिंपल्यांचा आणि जीवांच्या सांगाड्यांचा बनलेला आहे. कड्याला डोळा लावून पाहिलं तर त्यांचे ठसे सापडतात. पाहा, हात लावा, पण खरवडू नका, हातोडी तर मुळीच नको.

आपल्या लोकांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सह्याद्रीचा काळा कातळ खरबरीत असतो, पावसातही बूट बऱ्यापैकी धरतो. चुनखडीचं तसं नाही. हजारो पावलांनी ती घासून गुळगुळीत होते आणि ओली झाली की अक्षरशः साबण. केव्ह डेलच्या खालच्या भागात पावसानंतर वाटेवरून पाणी वाहतं. म्हणून वयस्कर माणसांना ही वाट कोरड्या दिवशीच, आणि चढताना दाखवायची. उतरताना गुडघ्यावर ताण येतो आणि पाय सटकतो. आई-नाना पहिल्या फाटकापर्यंत येतात, तिथे दगडावर बसतात, मी मुलांना घेऊन वर कुरणापर्यंत जाऊन परत येते. अर्ध्या वाटेवर थांबायची सोय असलेली वाट ही घरच्या सगळ्यांची वाट होऊ शकते. मी वाट निवडताना हे आधी बघते, लांबी नंतर.

मोडका रस्ता आणि मॅम टॉर

एकच दिवस असेल तर हीच फेरी करा. गावातून पश्चिमेला निघायचं, ओडिन खाण, मोडका रस्ता, मॅम टॉरचा माथा, मग डोंगराच्या धारेवरून हॉलिन्स क्रॉस आणि तिथून खाली गावात. सुमारे आठ किलोमीटर आणि सव्वातीनशे मीटरच्या आसपास चढ.

ओडिन ही शिशाची फार जुनी खाण. रस्त्यालगत, खालच्या बाजूला, खनिज भरडायची जागा अजून शाबूत आहे. जमिनीवर लोखंडी पट्ट्यांचं गोल कडं आहे, त्यावर लोखंडी धाव बसवलेलं दगडी चाक उभं आहे. घोडा चाक ओढत गोल फिरायचा आणि खाली घातलेलं खनिज चिरडलं जायचं. 1823 मधलं हे काम आहे. नाना तिथे बराच वेळ उभे राहिले. त्यांनी लहानपणी पाहिलेली चुन्याची घाणी अशीच होती, बैल फिरायचा, दगडी चाक चरातून जायचं. त्यांनी मुलांना धाव कशी तापवून चढवतात, थंड होताना ती कशी आवळली जाते, हे तिथेच समजावून सांगितलं. खाणीच्या कपारीत मुलांना शिरू देऊ नका. आणि ही शिशाच्या खाणीची माती आहे, तेव्हा इथे खेळल्यावर हात नीट धुतल्या-पुसल्याशिवाय खाऊ देऊ नका.

पुढे फाटक येतं आणि रस्ता मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विनॅट्स पास या शेजारच्या खिंडीतला उभा चढ टाळायला हा रस्ता मॅम टॉरच्या पायथ्यातून काढला. पण मॅम टॉर हा वालुकाश्म आणि शेल (चिखलापासून बनलेला ठिसूळ खडक) यांच्या एकाआड एक थरांचा डोंगर आहे. शेल पाण्याने मऊ पडतो, भुगा होतो, आणि वरचं ओझं खाली सरकतं. हजारो वर्षांपूर्वी डोंगराची ही बाजू ढासळली, आणि तो ढिगारा अजूनही पावसाळी हिवाळ्यात थोडाथोडा सरकतो. त्याच ढिगाऱ्यावरून रस्ता नेला होता. दीडशे वर्षांहून अधिक काळ डागडुजी करत राहिले, 1979 मध्ये कायमचा बंद केला. आता डांबराचे भलेमोठे तुकडे तिरपे होऊन पडलेत, मधे माणसाच्या उंचीची पायरी पडली आहे, पांढरे पट्टे मधेच तुटून खाली पुन्हा सुरू होतात. तुटलेल्या कडेशी खाली बसून पाहा. डांबर, खडी, पुन्हा डांबर, पुन्हा खडी असे थर दिसतात. प्रत्येक थर म्हणजे एकेक दुरुस्ती. मुलांना थर मोजायला सांगा आणि त्यांना हवा तेवढा वेळ द्या. मात्र काठावरून उड्या मारू देऊ नका, खालची माती पोकळ असते.

मोडक्या रस्त्याच्या वरच्या टोकाहून पायवाट मॅम निक या खिंडीकडे चढते आणि तिथून माथ्यापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. चढवणार नाही असं वाटणाऱ्यांनी गाडीने खिंडीजवळच्या नॅशनल ट्रस्टच्या वाहनतळावर यावं. तिथून माथा पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आई तशाच येतात. वाहनतळ सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतो, म्हणून आम्ही नऊच्या आत पोचतो. विनॅट्स पासमधून गाडी नेत असाल तर चढ फार तीव्र आहे आणि रस्त्यावर मेंढ्या निवांत बसलेल्या असतात. त्या रस्त्याने चालत जाऊ नका, पदपथ नाही.

माथा 517 मीटर. वर फरसबंदी आहे, भोवताली लोहयुगाच्या सुमाराच्या तटबंदीचे मातीचे उंचवटे दिसतात. गवतावर न जाता फरशीवरूनच चालायचं, कारण तटबंदीच्या आतली जुन्या वस्तीची जागा पायांनी झिजते. वारा जुळून आला की पॅराग्लायडर उडतात, मुलं जेवण विसरून त्यांच्याकडे बघत बसतात. पूर्वेची बाजू कडा आहे. तिकडे मुलांना हात सोडून जाऊ देऊ नका.

पुढे हॉलिन्स क्रॉसपर्यंत धारेवरून उतरत जाणारी वाट आहे, एका हाताला ईडेल, दुसऱ्या हाताला कॅसलटन. एकेकाळी ईडेलची माणसं प्रेतं घेऊन याच खिंडीतून कॅसलटनच्या चर्चकडे यायची, आणि कॅसलटनच्या बायका रोज पहाटे ही खिंड ओलांडून ईडेलच्या सूतगिरणीत कामाला जायच्या. हिवाळ्यातल्या अंधारात. आई हे ऐकून म्हणाल्या, “आणि आम्हाला पायऱ्यांचं काय घेऊन बसलीस!” इथून कॅसलटनकडे उतरणारी वाट सुरुवातीला उभी आणि बहुतेकदा चिखलाची असते, खाली हॉलोफोर्ड रोडला लागते.

पायांत दम असेल तर धारेवरून तसंच पुढे बॅक टॉर आणि लूज हिल (476 मीटर) करून होपला उतरता येतं. पाच वर्षांच्या मुलासाठी मला ते लांब वाटतं. त्यापेक्षा हॉलिन्स क्रॉसवरून उत्तरेला ईडेलमध्ये उतरा. ईडेल आणि होप एकाच रेल्वेमार्गावर आहेत. म्हणजे होपला उतरून, कॅसलटनमध्ये जेवून, खिंड ओलांडून, ईडेलहून गाडी पकडून घरी जाता येतं आणि आलेल्या वाटेने परत फिरावं लागत नाही. ईडेल गावातूनच पेनाइन वे ही स्कॉटलंडपर्यंत जाणारी 431 किलोमीटरची वाट सुरू होते. मुलांना तिची पहिली शंभर पावलं चालायला आवडतं.

बाबागाडीसाठी

कॅसलटनमध्ये गावाबाहेर बाबागाडीची सोय फारशी नाही. गाडीने लेडीबावर जलाशयाच्या वरच्या अंगाला, फेअरहोम्सला जा. तिथून डरवेंट धरणाच्या पायथ्यापर्यंत सपाट वाट आहे. धरण भरून वाहत असेल तर दगडी भिंतीवरून पाण्याचा पांढरा पडदा कोसळत असतो. लेडीबावरच्या पाण्याखाली डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा 1947 मध्ये पाडेपर्यंत पाण्याबाहेर उभा होता. उजनीत पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते पाहिलेल्या नानांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

वेळ, कपडे, डबा

वेळेचा हिशेब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये घालून दिला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. मॅम टॉरच्या फेरीला त्यानुसार दोन तास दहा मिनिटं होतात. हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशेब. मुलं आणि आजी-आजोबा असतील तर दुप्पट करा आणि जेवणाचा वेळ वेगळा धरा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. हिवाळ्यात दुपारी एकला डोंगर चढायला सुरुवात करू नका.

जीन्स नको. भिजली की वाळत नाही आणि पाय गारठतात. अंगालगत लवकर सुकणारं कापड, मधे लोकर किंवा फ्लीस, वर पाऊस अडवणारं जाकीट, आणि जुलैतही सगळ्यांच्या कानटोप्या पिशवीत. गावात ऊन असताना धारेवर वारा झोंबतो. आई साडीच नेसतात. ओल्या गवताने काठ जड होतो, म्हणून त्या साडी घोट्याच्या वर खोचतात, आत लोकरीची लेगिंग आणि पायात लेसचे बूट. सपाट तळाच्या चपला किंवा सँडल कुणालाच नकोत.

डब्यात धपाटे किंवा दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीच्या वड्या. हे सगळं हातात धरून, गार असतानाही खाता येतं. थर्मासमध्ये चहा. माथ्यावर वाऱ्यात बसू नका, थोडं खाली भिंतीच्या आडोशाला बसा. संत्र्याची सालंसुद्धा पिशवीत परत आणायची, थंडीमुळे ती इथे लवकर कुजत नाहीत. स्वच्छतागृह गावातच आहे, वर नाही. निघण्याआधी सगळ्यांना जायला लावा, जे “मला नाही लागली” म्हणतात त्यांनाही.

जनावरं, गोचीड आणि संकट

एप्रिलमध्ये कुरणं कोकरांनी भरलेली असतात. मुलांनी त्यांच्यामागे धावू नये, मेंढी घाबरून पिल्लाला सोडते. मेंढीपेक्षा जपायचं ते गाईला. वासरू सोबत असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून कधी जाऊ नका, लांबून वळसा घ्या, शांतपणे चाला, धावू नका. बांधाकडेला नेटल नावाची झुडपं असतात, करवतीसारख्या कडांची पानं. स्पर्श झाला की आग होते. हाफ पँटमधल्या मुलांना ती पहिल्याच दिवशी ओळखायला शिकवा.

ब्रॅकन म्हणजे कमरेइतका वाढणारा नेचा, त्यात गोचीड असतात. घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या रेषेत बघायचं. चिकटलेली सापडली तर तेल-तूप न लावता, बारीक चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरायची आणि सरळ वर ओढायची. पुढच्या काही आठवड्यांत तिथे वाढत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा, लाइम रोग लवकर कळला तर औषधाने बरा होतो.

कुणी पडलं, चालता येईना, तर 999 लावून आधी पोलीस मागा आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ म्हणा. ही मंडळी स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत. त्यांना ग्रिड क्रमांक द्या. रेंज अर्धवट असताना संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो: 999 ला ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द संदेशाने पाठवा आणि येणाऱ्या सूचना पाळा. घरूनच हे करून ठेवा. शिट्टी प्रत्येक मुलाच्या पिशवीला बांधा. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा, ही मदतीची खूण आहे. सहज वाजवायची नाही, हे त्यांना बजावून ठेवा.

आणि कुठे मोडकी पायरी, न उघडणारं फाटक, पडलेला बाणाचा खांब किंवा काटेरी तारेने अडवलेली वाट दिसली तर नुसतं हळहळून पुढे जाऊ नका. फोटो काढा, सहा आकडी ग्रिड क्रमांक लिहून घ्या आणि डर्बीशर काउंटी कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदवा. त्यासाठी इथलं नागरिक असावं लागत नाही. होपच्या वाटेवरच्या एका डुगडुगणाऱ्या पायरीची नोंद नानांनी करायला लावली. क्रमांक मुलीने काढला, फोटो नानांनी.